डावीकडे सरकलेलं बटण

१

पलंगाशेजारच्या टेबलाच्या खणात एकोणीस गोळ्या निघाल्या आणि त्या घरातल्या माणसांनी एकमेकांच्या नजरेला नजर देणं बंद केलं.

गोळ्या आईच्या. रक्तात गुठळी होऊ नये म्हणून रोज सकाळी आठला एक, न चुकता, असं डॉक्टरांनी दहादा बजावलेलं. पाच दिवसांपूर्वी सकाळी उठता उठता आई खोलीत कोसळली. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. इस्पितळात पहिलाच प्रश्न आला, "गोळ्या वेळेवर होत्या ना?" मुलाने छातीठोकपणे सांगितलं, होत्या. सांगणारच की! महिनाभर रोज त्याच्या फोनवर निरोप येत होता: आईने गोळी घेतली. एका दिवसाचा खाडा नाही. मग सूनबाई आईंचे कपडे न्यायला खोलीत गेली, तिने खण उघडला, तर महिन्याच्या तीस गोळ्यांतल्या एकोणीस तिथेच पडलेल्या.

म्हणजे गोळी पोटात जात नव्हती, आणि तरी फोनवर 'घेतली' हे बटण कुणीतरी दाबत होतं.

ज्या कंपनीचं हे ॲप, तिथल्या साहेबांना मुलाने फोनवरून असं काही फैलावर घेतलं की त्यांनी त्याच सकाळी चाळणीबाईंना त्या घरी धाडलं. खरं नाव कागदोपत्री असेल ते असो, कंपनीत सगळे त्यांना चाळणीबाईच म्हणत. वय बावन्न, आवाज बारीक, नजर मात्र सुईसारखी. माणूस फोनवर दिवसभरात हजार गोष्टी करतो. त्यातल्या कुठल्या टिपून ठेवायच्या आणि कुठल्या सोडून द्यायच्या, हे ठरवणं त्यांचं काम होतं. या ॲपमध्ये काय टिपायचं तेही त्यांनीच ठरवलं होतं.

खोली लहान, नीटनेटकी. भिंतीवर हाताने काढलेले तीन नकाशे, केसाएवढ्या रेघांचे. "आई नकाशे काढायची," मुलगा म्हणाला. "चाळीस वर्षं. तिचा हात म्हणजे यंत्र होतं यंत्र." पन्नाशीचा, धिप्पाड माणूस, पण पाच दिवसांत पार गळून गेला होता.

चाळणीबाईंनी गोळ्यांची पाकिटं उलटीसुलटी करून पाहिली. जाड चकाकत्या पत्र्याची, दहा दहा गोळ्यांची. एक पूर्ण भरलेलं. दुसऱ्यातली एकच गोळी गेलेली, आणि त्याचा कोपरा कुरतडल्यासारखा चेपलेला.

"उंदीर," मुलगा म्हणाला.

"उंदीर नाही हो घरात," दारातून आवाज आला. आईची देखभाल करणाऱ्या मावशी तिथे उभ्या होत्या. चाळिशीच्या, काटक. रडून रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"तुम्ही मध्ये बोलू नका, मावशी."

चाळणीबाईंनी आईंचा फोन सुरू करून ॲप उघडलं आणि त्या थबकल्या. 'घेतली' हे बटण पडद्याच्या डाव्या कडेला होतं.

"असं का थांबलात?" मुलाने विचारलं.

चाळणीबाई भोळेपणाने सांगून गेल्या. "बटण मुळात उजवीकडे असतं. पण अंगठा कुठे टेकतो ते फोन टिपतो, आणि आठदहा दिवस सलग एकाच बाजूला टेकला की बटण हळूच त्या बाजूला सरकवतो. माणसाला सोपं जावं म्हणून. म्हणजे दाबणारा हात डावा होता."

मुलगा ताडकन उठला. "आई उजव्या हाताची. मी उजव्या हाताचा, ही उजव्या हाताची. मावशी, तुम्ही सांगा यांना, तुम्ही कुठल्या हाताने काम करता?"

मावशींनी पदराचं टोक धरलं होतं, ते डाव्या हातात.

२

"संध्याकाळी पाचला मी चौकीत जाणार," मुलगा म्हणाला. "आणि यांना पाठवणाऱ्या संस्थेला आत्ताच कळवतो. पुन्हा कुणाच्या घरी यांना पाऊल टाकता येणार नाही, बघाच."

"दादा, मी फोनला हातसुद्धा लावला नाही हो!" मावशी कळवळून म्हणाल्या. "तुम्हीच सांगितलं होतंत, गोळीचं ॲप बघेल, तुम्ही लुडबुड करू नका."

ते खरंच होतं. काहीतरी करायचं म्हणून मुलाने आईचा फोन उचलून चार्जरची वायर शोधली. "चारच टक्के राहिलेत."

"अहो, थांबा! लावू नका!" चाळणीबाई एवढ्या मोठ्याने ओरडतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्यांनी फोन जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि बंद केला.

मग त्यांनी समजावलं. कोण किती वाजता बटण दाबतं, घंटी वाजल्यावर किती वेळाने, बोट कुठे पडतं, हे सगळं या फोनच्या पोटातच राहतं. बाहेर जातो तो फक्त मुलाला निरोप. तासाभरात बटण दाबलं तर 'घेतली', नाही दाबलं तर 'घेतली नाही'. बाकीचं कंपनीलाही दिसत नाही. फोन चार्जिंगला लागला आणि पाच मिनिटं कुणी त्याला हात लावला नाही, की ॲप निवांत बसून त्या नोंदींवरून शिकतं. शिकून झालं की तीस दिवसांपेक्षा जुनं असेल ते पुसून टाकतं. लोकांचं खाजगी जास्त काळ साठवू नये, म्हणून.

"आई पडली त्या दिवसापासून फोन बंद आहे. आज लावून ठेवला असता तर सगळ्यात आधीचे सहा दिवस पुसले गेले असते."

"मग बरंच आहे की. आत्ताच वाचा ना!"

"वाचायला तार जोडावी लागते, आणि तार जोडली की चार्जिंग सुरू होतं." चाळणीबाईंनी कपाळ चोळलं. "शिवाय फोन तुमचा नाही, दादा. माझाही नाही. ज्यांचा आहे त्यांना आधी विचारते."

"आईला? तिला बोलता येत नाही!"

"ऐकू येतं ना?"

३

इस्पितळातली खोली पांढरी, खिडकीला निळा पडदा. आई उशीला टेकून होत्या. उजवा हात चादरीवर कुणीतरी ठेवून दिलेल्या वस्तूसारखा पडलेला, डोळे मात्र जागे, तरतरीत.

चाळणीबाई खुर्ची ओढून बसल्या. आपण कोण, कशाला आलो, ते सांगितलं. "तुमच्या फोनमधल्या नोंदी वाचू का? तुम्ही नको म्हणालात तर नाही वाचणार."

आईंनी मान भिंतीकडे वळवली.

आता आली का पंचाईत! चाळणीबाईंनी या धंद्यात वीस वर्षं काढली होती. नको म्हणजे नको, हे त्या नव्या पोरांना घसा कोरडा करून शिकवत. त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या. पण मावशींचे सुजलेले डोळे काही केल्या डोळ्यांपुढून हलेनात.

"आजी," त्या परत येऊन म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक असायला हवं म्हणून सांगते. गोळ्या सापडल्या आहेत. मावशींवर आळ आलाय. तुमचे चिरंजीव आज पाचला पोलिसांत जाणार आहेत."

भिंतीकडची मान झर्रकन वळली. आईंचे ओठ वेडेवाकडे हलले, घशातून एक घोगरा आवाज निघाला, शब्द काही झाला नाही. डोळ्यांत पाणी तरारलं. मग त्यांनी चांगला हात पुढे करून चाळणीबाईंचं मनगट पकडलं आणि घट्ट दाबलं.

"वाचू?"

पुन्हा एकदा दाबलं.

परतीच्या वाटेवर चाळणीबाई एकाच गोष्टीचा विचार करत होत्या. कुणीतरी आपल्याशी दगाफटका केला, याचा तपास होतोय म्हटल्यावर माणूस तोंड का फिरवेल? ज्याला न्याय हवा असतो तो तोंड फिरवत नाही.

४

तीन वाजता कंपनीतला तरुण, ज्याला सगळे चष्मिस म्हणत, लॅपटॉप घेऊन त्या घरी पोचला. ॲप त्यानेच लिहिलेलं. हुशार, पण बोलताना जिभेला लगाम नाही. "जुना फोन आहे. नोंदी उतरायला पाऊण तास लागेल," तो म्हणाला. "तेवढ्यात हा शिकायला बसला की गेलं मुसळ केरात."

"शिकतो कधी? कुणी हात लावत नाही तेव्हाच ना?" चाळणीबाई म्हणाल्या. "मग त्याला निवांत बसू द्यायचं नाही. दादा, या. तार जोडली की पडद्यावरून बोट फिरवत राहायचं. थांबायचं नाही."

एवढा मोठा माणूस आईच्या पलंगाच्या कडेला बसून तिच्या फोनवरून बोट फिरवू लागला. आणि चाळणीबाई स्वयंपाकघरात गेल्या.

मावशी ओट्याशी उभ्या होत्या. कपबशा आधीच लखलखीत होत्या, तरी त्या पुसतच होत्या.

"तुम्ही किती वाजता येता?"

"पावणेआठला. दादा नि वहिनी सातलाच निघतात. रविवारी मला सुट्टी."

"आठला घंटी वाजते. तेव्हा तुम्ही कुठे असता?"

"इथंच. आजी खोलीचं दार लावून घ्यायच्या. आधी नाही हं, हे गेल्या महिन्यातलं. म्हणाल्या, मी काय कुक्कुलं बाळ आहे, गोळी घेताना बघायला?" मावशी हसायला गेल्या, पण हुंदकाच आला.

"आणखी काय बदललं गेल्या महिन्यात? लहानसहान काहीही असू दे."

मावशींनी विचार केला. "बटणांचा स्वेटर नको म्हणाल्या. शाल द्या म्हणाल्या. नकाशाच्या पेन्सिली कपाटात टाकायला लावल्या. डोळे दुखतात म्हणे. त्या पेन्सिलींना कुणी हात लावलेला खपायचा नाही हो त्यांना! आणि एकदा कप फुटला. मी विचारलं तर माझ्यावरच खेकसल्या."

चाळणीबाई तिथून बाहेर आल्या. बैठकीच्या खोलीत सूनबाई नुसतीच बसून होती.

"गोळ्या खणात तुम्हीच ठेवता?"

"एक तारखेला तीन पाकिटं. यावेळीही तशीच ठेवली." सूनबाईने आवाज खाली आणला. "तुम्हाला एक सांगू? यांना सांगू नका. महिन्यापूर्वी यांनी एका वृद्धाश्रमाचं पत्रक आणलं होतं. टेबलावर राहिलं, आईंनी पाहिलं. यांनी लगेच समजूत घातली. म्हणाले, आई, हे पुढचं आहे गं. तुझे हातपाय चालतायत तोवर तू इथेच, आमच्यापाशी."

"मग आई काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. पत्रक घडी करून यांच्या हातात दिलं. आणि दिवसभर नेहमीपेक्षा जास्तच हसून बोलल्या."

तेवढ्यात आतून चष्मिसाची हाक आली. "चाळणीबाई! लवकर या. हे काहीतरी भलतंच आहे."

५

लॅपटॉपच्या पडद्यावर तीस ओळी होत्या. महिन्याचे तीस दिवस, तीस वेळा दाबलेलं बटण. मुलगा चष्मिसाच्या खांद्यावरून डोकावत होता. बोट अजून फोनवर फिरतच होतं. फिरवायची गरज संपली होती, पण त्याला थांबवायचं कुणाला सुचलं नाही.

"पहिले सहा दिवस उजवा अंगठा," चष्मिस म्हणाला. "सातव्या दिवसापासून सगळे डावे. सलग चोवीस."

"म्हणजे सातव्या दिवसापासून मावशींनी सुरुवात केली!" मुलगा गरजला. "मी सांगत नव्हतो?"

"या चोवीस दिवसांत रविवार किती?" चाळणीबाईंनी शांतपणे विचारलं.

"तीन."

"त्या तीन दिवशी?"

चष्मिसाने ओळींवरून बोट सरकवलं. "डावाच."

"रविवारी मावशी येत नाहीत. घरात तुम्ही दोघं आणि आई. इतर दिवशी तुम्ही दोघं नसता, मावशी आणि आई. चोवीसच्या चोवीस दिवस आठ वाजता या घरात कोण होतं, दादा? एकच माणूस होतं."

दाराशी मावशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"पण आई उजव्या हाताची आहे," मुलगा म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता.

"होत्या. सहाव्या दिवसापर्यंत. आता हा दुसरा रकाना बघा. घंटी वाजल्यापासून बटण दाबेपर्यंत किती वेळ गेला." चाळणीबाईंचा बारीक आवाज आणखी बारीक झाला. "पहिले सहा दिवस सहा-सात मिनिटं. उठायचं, पाणी घ्यायचं, गोळी गिळायची, बटण दाबायचं. सातव्या दिवशी अठ्ठावीस मिनिटं. आठव्या दिवशी एकतीस. मग चौतीस, चाळीस, सेहेचाळीस. बाराव्या दिवशी बावन्न. आणि तेराव्या दिवसापासून शेवटपर्यंत दहा सेकंद. घंटी वाजली की लगेच."

"म्हणजे काय?" सूनबाईने विचारलं.

चाळणीबाईंनी खणातलं भरलेलं पाकीट मुलापुढे टेबलावर ठेवलं. "उजवा हात पाठीमागे घ्या. डाव्या हाताने यातली एक गोळी काढून दाखवा."

मुलाने अंगठ्याने दाबलं. पाकीट टेबलावरून सरकलं. त्याने ते कोपराखाली धरलं, वाकलं, निसटलं. पत्रा जाड, गोळी काही निघेना. त्याला घाम फुटला. त्याने पाकीट छातीशी दाबून पाहिलं, मांडीशी दाबून पाहिलं. आणि मग, काय करतोय हे कळायच्या आत, त्याने पाकिटाचा कोपरा दातांत धरला.

तो तसाच थांबला. पाकीट तोंडातून काढून त्याने पाहिलं. मग दुसरं, कुरतडलेलं पाकीट उचलून शेजारी धरलं. दोन्ही कोपरे सारखेच चेपलेले होते.

"उंदीर," तो पुटपुटला आणि मटकन खाली बसला.

"सातव्या दिवशी त्यांच्या उजव्या हातातली ताकद गेली असणार. अर्धांगवायूचा पहिला, लहानसा झटका. पाच दिवस त्यांनी दातांनी गोळ्या काढल्या, अर्धा अर्धा तास झगडून. आधीच्या सहा आणि या पाच, अकरा गेल्या. तिसातून अकरा गेल्या की एकोणीस राहतात. बाराव्या दिवशी गोळी निघेना. बावन्न मिनिटं झाली. तास भरला असता तर तुम्हाला निरोप गेला असता, घेतली नाही म्हणून. तुम्ही धावत आला असता. हात पाहिला असता. म्हणून त्यांनी बटण दाबलं. त्यानंतर पाकिटाला हात लावायचंही सोडून दिलं."

"पण मला सांगायचं ना! मावशींना सांगायचं! एक गोळी काढून द्या म्हणायला काय..." तो बोलता बोलता अडला. आपण काय बोललो होतो ते त्याला आठवलं असावं, कारण त्याने बायकोकडे पाहिलं आणि तिने मान खाली घातली. "हातपाय चालतायत तोवर," तो म्हणाला. "मी म्हणालो होतो. मी प्रेमानं म्हणालो होतो गं."

धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडला. कुणी त्याला उगी केलं नाही.

"या फोनला कळलं होतं," जरा वेळाने तो चाळणीबाईंना म्हणाला. "आईचा हात गेला हे सगळ्यात आधी याला कळलं. आणि यानं काय केलं? बटण सरकवलं!"

चाळणीबाईंना उत्तर ठाऊक होतं, आणि ते त्यांना आवडत नव्हतं. "कळलं नव्हतं हो. सोय कुठे करायची एवढंच याला शिकवलंय. बटण दाबलं म्हणजे गोळी गेली, असं मी ठरवलं होतं. दुसरं काही विचारायचं मला सुचलं नाही. तुमच्याइतकीच मीही चुकले."



भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजायला आले होते. मुलगा उठला, दाराशी गेला, आणि मावशींपुढे उभा राहिला. हात जोडावेत की काय करावं हे त्याला समजेना.

"मावशी, मी तुम्हाला..."

"ते राहू द्या, दादा," मावशी डोळे पुसत म्हणाल्या. राग होताच, तो त्यांच्या आवाजातून गेला नव्हता. "माझं मी बघेन. पण कप फुटला तेव्हा मी त्यांचा हात धरून बघितला असता ना, तर आज हे नसतं. रोज त्यांची वेणी घालत होते मी. डोकं बघितलं, हात नाही बघितला."

६

दुसऱ्या दिवशी सकाळी चाळणीबाई इस्पितळात गेल्या. डॉक्टरांना तारखांचा कागद द्यायचा होता. पहिला झटका कधी आला ते कळलं, उपचाराला उपयोग होईल, असं डॉक्टर म्हणाले. तेवढंच समाधान.

आईंच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. मावशी त्यांचे केस विंचरत होत्या. मुलगा पलंगाच्या कडेला बसला होता, हातात गोळ्यांचं पाकीट.

आठ वाजले. उशाशी ठेवलेला फोन किणकिणला.

मुलाने गोळी काढली. आईच्या तोंडाशी नेली, पाण्याचा पेला ओठांना लावला. पाणी थोडं ओघळलं, ते त्याने आपल्या बाहीने टिपलं. आईने गिळलं. तो थांबला. गिळून पूर्ण होईपर्यंत थांबला.

"आई," तो म्हणाला, "घर तुझंच आहे. हात चालो, न चालो. पाय चालो, न चालो. पुन्हा असं काही लपवलंस ना, तर मी बोलणार नाही तुझ्याशी."

आई बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांचा चेहरा डाव्या बाजूने हसला.

फोन अजून किणकिणत होता. मुलाने तो उचलला. त्याचा अंगठा बटणाकडे गेला, आणि मागे आला. त्याने फोन आईच्या डाव्या हाताखाली धरला. बटण बरोबर तिथेच होतं.

आईंनी ते दाबलं.